दोर धरणारा साळा

चांदा जिल्ह्यातल्या नोकरीतलं बरंचसं आता विसरलो. त्या विवराची घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

पन्नासच्या दशकात गोंडपिपरी भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी गावचा कोतवाल खबर घेऊन आला. एक शेतकरी आदल्या दिवशी आपल्या साळ्याबरोबर, म्हणजे बायकोच्या भावाबरोबर, जंगलात गेला होता. साळा एकटाच परतला. "मागं बांधावरून दोघांचं वाजलं होतं, साहेब. त्यानंच मारलं म्हणून राह्यले लोक."

रोजनाम्यात नोंद केली आणि साळ्याला आणवलं. मागोमाग त्याची बहीण, म्हणजे बेपत्ता माणसाची बायको, येऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसली.

साळा एकच वाक्य बोले, "मले मालूम नाई."

"भाटवा तुह्यासंग गेला अन् तुले मालूम नाई?" जमादार म्हणाला. "हरवाले तो काय बकरी हाय?"

बहीण बाहेरून ओरडली, "बोल ना रे भाऊ! कुकू ठेवू का पुसू, तेवढं तरी सांग."

त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. प्यायला पाणी दिलं, तर लोटा त्यानं दोन मनगटांमध्ये धरला. मी हात दाखवायला सांगितलं. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. ढकलणाऱ्याचे हात असे सोलत नाहीत. निसटता दोर धरून ठेवणाऱ्याचे सोलतात. आणि त्या भागात उन्हाळ्यात जंगलात दोर नेतात तो मधासाठीच.

"मध काढाले गेले होते?" मी विचारलं.

तो रडू लागला. राखीव जंगलातल्या डोंगरात विहिरीसारखं सरळ खाली जाणारं विवर होतं. आतल्या भिंतीला मोहोळ लागलं होतं. भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, उतरला, दोर यानं धरला. तिकडे तशी रीतच होती. उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानं धरायचा, कारण तो आपल्या बहिणीला विधवा होऊ देणार नाही. तोच दोर झाडाला बांधणं म्हणजे साळ्यावर भरवसा नाही असं सांगणं. त्या दिवशी माश्या उठल्या, खालच्यानं दोराला हिसका दिला आणि दोर सुटला.

"लय आवाज देल्ले, साहेब. उत्तर नाई आलं. बहिणीले कोणत्या तोंडानं सांगू, दोर माह्याच हातून सुटला म्हणून?"

प्रेत काढायचं आहे असंच धरून आम्ही निघालो. विवराशी पोचल्यावर आधी पेटता कंदील खाली सोडला. तो विझला असता, तर खालची हवा घातक म्हणून कोणालाच उतरू दिलं नसतं. कंदील जळत राहिला. जमादारानं घोंगडी पांघरली, कमरेला दोर बांधला. साळा फडकी गुंडाळलेले हात पुढे करून म्हणाला, "आधी झाडाले बांधा, जमादार. मंग मी धरतो."

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "जित्ता हाय, साहेब!"

पडल्यावर त्याची शुद्ध हरपली होती, म्हणून हाकेला ओ आली नव्हती. पाय मोडला होता, तोंड सुजलं होतं. वर आणून पाणी पाजलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, "साळ्याच्या हाताले लय लागलं का?"

राखीव जंगलात शिरल्याचं मी वनखात्याला कळवलं. त्यांनी समज देऊन सोडलं.

तेव्हापासून कोणी गप्प राहिला की मी त्याला लगेच गुन्हेगार ठरवत नसे. शरमेनंही माणसाची वाचा बसते. विवरात उतरणाऱ्यांना मात्र सांगत असे, की गावात सांगून जा, कंदील आधी सोडा आणि दोर झाडाला बांधा. नातं खरं असलं तरी घामेजला हात निसटतो.

पुढच्या उन्हाळ्यात गस्तीवर तिकडून गेलो. परवाना काढून दुसरीच जोडी मधाला आली होती. दोर झाडाला पक्का बांधलेला होता. त्यांच्यातला साळा बुंध्याला पाय लावून बसला होता, आणि दोर त्याच्याही हातात होता.