उज्ज्वलाची तीज

राजकुमारच्या डाव्या हातावरचे व्रण पाहून घाटंजीच्या बाजारात कोणी ना कोणी विचारतंच, "कुत्रं चावलं काय भाऊ?" तो सांगतो, "नाही, पोरगी," आणि वांगी निवडत राहतो. यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला आता वाटत नाही.

पोरगी म्हणजे उज्ज्वला, दहा वर्षांची. बोलते मोजकंच. गोंगाट सहन होत नाही, आणि मनाविरुद्ध काही झालं की चावते, भिंतीवर डोकं आपटते. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे गोळीनं जाणारं नाही, हळूहळू शिकवावं लागेल, आणि हिसकाहिसकी केली तर शिकलेलंही जाईल. त्यांच्या बंजारा तांड्याला सल्ला द्यायला मात्र डॉक्टर व्हावं लागत नाही. कोणी म्हणे भगताला दाखव, कोणी म्हणे दोन ठेवून दे. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला नुसता धूर दिसतो.

श्रावणात तांड्यात तीज बसते. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात मांडव घालून त्या ठेवतात, गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटी वाजतगाजत नाल्यात सोडून येतात. उज्ज्वलाला आजवर कोणी बसवलं नव्हतं. यंदा राजकुमार स्वतःच डोंगरसिंग नायकाकडे गेला.

"काका, आमच्या उजूचीबी टोपली ठेवतो."

"ठेव. पण तिनं दुसरीची सांडवली तं?"

"मी बसतो न तिच्यापाशी."

आणि खरंच बसला. पोरींच्या घोळक्यात हा मिशीवाला बाप्या, हातात तांब्या. तरण्या पोरांनी त्याला 'राजकुमारी' म्हणायला सुरुवात केली. त्याने हसून सोडून दिलं. कारण उज्ज्वला गव्हाच्या कोवळ्या पात्यांवरून तळहात फिरवत तासन्‌तास गप्प बसायची. एवढी शांत ती त्याने कधी पाहिलीच नव्हती.

शेवटच्या दिवशी डफ वाजायला लागला. राजकुमारने तिच्या कानांवरून ओढणी घट्ट बांधली आणि तिला घोळक्याच्या बरंच मागून नेलं. नाल्यावर पोरी रडत रडत टोपल्या सोडत होत्या. उज्ज्वलाने मात्र आपली टोपली छातीशी कवटाळली. तिची आई रंजिता समजावू लागली, तर उज्ज्वला तिच्या मनगटालाच चावली.

"हिसकून टाक न पाण्यात," नायकाची बायको हंसाबाई म्हणाली. "एका झटक्याचं काम. तीज वापस घरी नेत नसतेत, साऱ्या तांड्याले लागते."

सगळे बघत होते. राजकुमारला लाज वाटली आणि रागही आला, लोकांचा आला आणि पोरीचाही. त्याचे हात टोपलीच्या काठापर्यंत गेले. मग त्याने ते मागे घेतले.

"काकी, तीज तिची हाय. तिच्याच हातानं जाईन. उद्या येऊ."

"अन् उद्याबी नाही सोडली तं?"

"तं परवा येऊ."

आणि तीज घरी परत आली. अशी गोष्ट त्या तांड्यात कोणी ऐकली नव्हती. मग काय, पावसाने दडी मारली ती त्या टोपलीमुळे, कोणाचा बैल लंगडला तोही त्या टोपलीमुळेच. नायकाने बोलावून विचारलं, "कायले हट्ट करून राह्यला बाबू?" राजकुमार म्हणाला, "काका, मी हट्ट सोडला तं तिले शिकवीन कोण?" नायकाने त्याला जाऊ दिलं. तांडा मात्र बोलतच राहिला.

रोज सकाळी कपाशीच्या फवारणीआधी राजकुमार पोरीला नाल्यावर नेई. टोपलीचं नावही काढत नसे. पळसाचं पान पाण्यावर ठेवायचा, बोटं उचलायचा आणि म्हणायचा, "गेलं." ती नुसती बघायची. पुढे एकदा तिनेही एक पान सोडलं, मग दुसरं. टोपलीला हात लावला की किंचाळायची. गहू पिवळा पडला, पाती लोळली. रंजिता म्हणाली, "आता फेकून देऊ का हो गुपचूप?" तिचीही दमछाक झाली होती. तो नाही म्हणाला.

पोळा जवळ आला होता. त्या सकाळी उज्ज्वला पाण्यात गुडघाभर शिरली, टोपली पाण्यावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिचा काठ धरून उभी राहिली. राजकुमारला हात पुढे करायचा होता. त्याने तो स्वतःच्या काखेत दाबून धरला.

तिने बोटं उचलली. "गेलं," ती म्हणाली.

राजकुमार तिथेच काठावर बसून हमसून हमसून रडला. उज्ज्वलाला त्या आवाजाचाही त्रास झाला, तिने कान झाकले, म्हणून त्याला लगेच गप्प व्हावं लागलं.

दोघं तांड्यात शिरले तेव्हा हंसाबाई दारात भांडी घासत होती. दोघांचे रिकामे हात तिला दिसले.

"टाकली का शेवटी?"

"मी नाही टाकली, काकी," राजकुमार म्हणाला. "तिनं सोडली."