ओटीत मी बोललेच नव्हते

ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरातला दिवा फडफडला की मी फ्यूज बघते, देवाचं नाव घेत नाही. भूतबीत मानणाऱ्यातली मी नव्हेच. पण गेली कित्येक वर्षं "सिस्टर, त्या दिवशी तुम्हीच बोललात" हे ऐकून डोकं उठलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते...

२००६ साल. मालवण तालुक्यातलं छोटं खासगी हॉस्पिटल, सकाळचे अकरा. तोंडवलीच्या शेवंतीकाकी, जन्मभर मासे विकलेल्या, पित्ताशयात खडे झाले म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनला आलेल्या. टेबलावर पडूनही सर्जनना पोटच्या पोरासारखं शिकवत होत्या, "झिला, मासो साफ करताना परतून दुसरी बाजू बघूची. पित्त फुटला तर अख्खो मासो कडू." डॉक्टर हसले. ते कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून यायचे आणि आल्यापासून परतायची घाई.

भूलतज्ज्ञांनी भूल दिली, काकींच्या घशात श्वासाची नळी घातली. थोड्या वेळाने पडद्यावर पित्ताशयाची नळी दिसली आणि डॉक्टरांनी ती कापण्याआधी चिमटून बंद करायची क्लिप मागितली. मला ती नळी जाड वाटली. यकृताकडून येणारी मुख्य नळी असली तर? ती कापली तर काकींच्या जिवावर बेतणार. पण डॉक्टरांना टोकणारी मी कोण? बावीस वर्षं एकच शिकले — मागितलं की द्यायचं. दिली क्लिप.

आणि स्पष्ट ऐकू आलं, "परतून बघ रे झिला."

डॉक्टरांचा हात थांबला. "सिस्टर, ओटीत मला अरे-तुरे?" पण चिडून का होईना, त्यांनी पित्ताशय उलटवून मागून पाहिलं. ती मुख्य नळीच होती. कापायची बारीक नळी मागे दडली होती.

डॉक्टर म्हणतात आवाज माझा, भूलतज्ज्ञही तेच. अहो, मी त्यांच्या ड्रायव्हरलासुद्धा कधी 'रे' म्हटलं नाही! आणि काकी म्हणाव्यात, तर घशात नळी असताना माणूस बोलेल कसा? शुद्धीवर आल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "माका काय म्हायत गो? मी निजलेलंय."

आता आमच्याकडे नियम आहे — क्लिप लावण्याआधी दोन्ही बाजू बघायच्या, शंका असेल त्याने मोठ्याने बोलायचं. डॉक्टर नव्या नर्सना माझं उदाहरण देतात, धीट सिस्टर म्हणून. संताप येतो. आवाज कोणाचा, ते मला आजही सांगता येत नाही. माझं तोंड मास्कमागे मिटलेलं होतं आणि क्लिप मी देऊन मोकळी झाले होते, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे.