मानेखालचा माणूस

आधी माफी मागतो. कामातले अनुभव डॉक्टर, इंजिनिअर, वकील अशी माणसं लिहितात. मी पौडच्या बाजारपेठेत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो आणि सकाळी कॉलेजला जातो. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं तपासून द्यायलाही कोणी नाही. परदेशातल्या शांतिसेनेबद्दल मी लिहावं हे तर जास्तच होतंय. पण त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती माझी मीच सांगितलेली बरी.

दुकानाचा फोन वाजला तेव्हा मी वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर चौदा शुभेच्छुकांचे चेहरे बसवत होतो. नंबर परदेशातला होता.

"चौकातला फ्लेक्स कुणी बनवला?"

"मीच, सर. आपण कोण?"

"त्याच्यावर ज्याचं तोंड हाय, तो."

ते हवालदार दत्ताभाऊ होते. ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीतले. वर्षभर आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत होते आणि महिनाअखेरीस घरी यायचे होते. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, स्वागताचा फ्लेक्स आमच्याकडून करून घेतला होता. फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचा नंबर असतो. फ्लेक्सचा फोटो गावाच्या ग्रूपवरून फिरत थेट त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"माझ्या मानेखाली कोण हाय, ठाऊक हाय का तुला?"

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पासपोर्ट फोटो आणतं. त्यातला चेहरा कापून आम्ही नेटवरच्या दुसऱ्या कोणाच्या धडावर बसवतो. याला आम्ही 'बॉडी लावणं' म्हणतो. नवरदेवाला शेरवानीची बॉडी, पुढाऱ्याला जाकिटाची. आबा आले तेव्हा दुकानाचे मालक रफीकभाई म्हणाले होते, "फौजी माणूस आहे. बॉडी दणकट लाव." शांतिसेनेचे सैनिक निळं हेल्मेट घालतात एवढं मला माहीत होतं. शोधल्यावर एक फोटो फार स्वच्छ मिळाला. बंद लोखंडी गेट, पुढे बंदूक घेतलेला सैनिक, गेटच्या जाळीमागे बायका आणि लहान मुलं. मला वाटलं, हा त्यांची राखण करतोय. फोटोखाली इंग्रजीत चार ओळी होत्या. मी फक्त फोटोची साइज बघितली. वर लिहिलं, 'जगाचा रखवालदार'.

"ती माणसं कॅम्पाच्या आत यायला बघत होती," दत्ताभाऊ म्हणाले. "त्यांच्यामागं मारणारे लागले होते. गेट उघडलं न्हाई. तुकडी दुसऱ्या देशाची, आमच्या लई आधीची. पण हितं लहान पोरालाबी ह्यो फोटो ठाऊक हाय. आमची गाडी दिसली की दगड मारत्यात, ते ह्याच्यापायी."

"सर, मी आत्ता उतरवतो."

"उतरव. आन् आबांला कायबी सांगू नकोस. माझी चौकशी चाललीया."

"कशाची?"

"गेट उघडल्याची," ते म्हणाले आणि फोन कट झाला.

रफीकभाईंनी आधी मला झापलं, मग स्वतः शिडी घेऊन चौकात आले. फ्लेक्स निम्मा सुटला होता तेवढ्यात आबा एसटीतून उतरले.

"आरं, पोरगं यायच्या आधीच त्याला उतरवताय व्हय?"

"आबा, माझी चूक झाली. दुसऱ्याचा फोटो लागलाय."

"तोंड तर माझ्याच दत्त्याचं हाय."

"तोंड त्यांचंच आहे."

"मग?"

रफीकभाई शिडीवरून म्हणाले, "आबा, नवीन करून देतो. संध्याकाळच्या आत."

नवीन फ्लेक्सवर मी फक्त पासपोर्ट फोटो ठेवला. धड नाही, बंदूक नाही. आबांनी मान तिरकी करून बघितलं. "नुसती मुंडी? पंचायतीला उभा हाय का त्यो?" चौकातली माणसं हसली. मला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून माझं कशातच मन लागेना. आपण केलेला तो फोटो चौकशी करणाऱ्यांच्या हाती लागला तर? माणसाने आपल्या कॅम्पाचं गेट उघडलं, आणि मी त्याला बंद गेटपुढे उभं केलं होतं. मी शोधून वाचायला लागलो. डिक्शनरी बाजूला ठेवून एकेक पान. समजलं ते असं. शांतिसेना लढायला जात नाही, भांडणाऱ्यांच्या मध्ये उभी राहते. गोळी कधी झाडायची, कॅम्पात कोणाला घ्यायचं, याचे नियम असतात. हुकूम मिशनच्या मुख्यालयातून येतो, पण प्रत्येक तुकडीचं लक्ष आपल्या देशाकडेही असतं. हुकूम येईतोवर माणसं गेटवरच. आत घेतलं आणि गर्दीतून एखादा हत्यारवाला आला, तर कॅम्पावरच हल्ला. नाही घेतलं, तर तो फोटो. काही ठिकाणी तर ज्यांना सांभाळायचं त्यांच्यावरच सैनिकांनी अत्याचार केल्याचे आरोप आहेत. ते वाचून मी एक दिवस फोन बंद करून बसलो. कोण बरोबर हे मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

स्वागताची तारीख आली आणि गेली. दत्ताभाऊ आले नाहीत. आबा दुकानात आले. "तारखेवर पट्टी मार. म्हणतुया, काम निघालं." मी शिडीवर चढून पट्टी चिकटवली. पंधरा दिवसांनी दुसरी. तिसऱ्या वेळी आबांनी पट्टी मागितलीच नाही. स्टुलावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तुला कायतरी ठाऊक हाय."

"नाही, आबा."

"शिकलेला हायेस. खोटं बोलाया अजून शिकला न्हाईस."

रफीकभाईंनी चहा मागवला. आबांनी तो घेतला नाही.

मी दत्ताभाऊंना मेसेज करत होतो. एक टिक यायची, दुसरी यायची नाही. दरम्यान कामात एवढाच बदल झाला की धड कुठलं, त्या वेळी तिथे काय चाललं होतं, हे वाचल्याशिवाय मी आता कोणाचं तोंड त्यावर बसवत नाही. काम हळू होतं. रफीकभाई कुरकुरतात, पण थांबतात.

परवा दुपारी फोन वाजला. तोच नंबर.

"चौकशी संपली," दत्ताभाऊ म्हणाले. "हुकमाबिगार गेट उघडलं म्हणून कागदावर ताकीद दिलीया. गुरुवारी येतुया."

"सर, मी केलेला तो फोटो..."

"फाइलीत लावला होता. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, ह्यो तूच का? म्हणलं, तोंड माझं हाय, धड दुसऱ्याचं. तवा साहेब पहिल्यांदा हसले."

"आत घेतलेली माणसं?"

"त्यांच्या गावी गेली. चालत."

"आबांना कळलं?"

"सकाळी सगळं सांगितलं. मग म्हणाले, गेट उघडल्याचा फोटो हाय का? फ्लेक्सवर टाकू."

"आहे का, सर?"

"न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले. "तवा सगळ्यांचे हात गेटला होते."