शालिकचं कुबड आणि कॅटलॉगमधला साहेब

भूतबित मी मानत नाही, आजही नाही. टेप लावून मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच... शिलाईत तीस वर्षं गेली. गोंदियाला लागून मुर्रीत माझं जेंट्स टेलरचं दुकान आहे. तिथे बाबांच्या काळातला एक कॅटलॉग आहे — कोट-पँट घातलेली, हाताने काढलेली माणसं. कुणाच्या तोंडात पाईप, कुणाचा हात खिशात, ढेरी एकालाही नाही. गिऱ्हाईक अजून त्यावरच बोट ठेवतं. मी त्या चित्राखाली पेन्सिलने त्याचं नाव लिहितो, म्हणजे कटिंगला घोळ होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात दवनीवाड्याचा शालिक लग्नाचा कोट शिवायला आला. पाठीला जन्माचं कुबड. आणि बोट ठेवलं ते नेमकं सगळ्यात ताठ उभ्या साहेबावर. दुकानात चार जण बसले होते, मला काही राहवलं नाही. नाव लिहिलं आणि त्या साहेबाच्या पाठीवर पेन्सिलने मस्त कुबड काढून सगळ्यांना दाखवलं.

"आता जमला बे तुझा कोट."

चौघं पोट धरून हसले. शालिक एवढंच म्हणाला, "मापं घ्या ना मास्तर."

आठ दिवसांनी तो ट्रायलला आला तर कोटाला मागे हा झोळ. पाठ सरळ. मी तीनदा टेप लावला.

"काय केलं बे तू?"

"कायी नाई. सकाळी उठलो त अशीच."

कॅटलॉग उघडला. साहेबाचं कुबड गेलं होतं. खोडल्याची खूणसुद्धा नाही, आणि खाली शालिकचं नाव जसंच्या तसं.

माझा मुलगा मयूर एकोणीस वर्षांचा. त्याचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. त्याच दिवशी मी दुसऱ्या एका चित्राखाली 'मयूर' लिहिलं, त्या माणसाचा पाय वाकडा काढला आणि हात जोडले. महिना गेला. रेघ तशीच, पाय तसाच. मग डोक्यात आलं — शालिकवर तर सगळे हसले होते.

त्याच चौघांना चहाला बोलावलं. मयूरलाही. चित्र वर धरून म्हणालो, "हा पाहा आमचा हिरो. लग्नात नवरी फेरे घेईल, हा जागच्या जागीच गोल फिरून राहील."

ते आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. कमी पडलो तर काम होणार नाही अशी भीती होती मला.

"बाबा, काऊन?" मयूरने विचारलं. सांगितलं तर बिघडेल असं वाटलं, म्हणून चहाचे कप गोळा करायला लागलो.

आता तो नागपूरला असतो. माझा फोन घेत नाही. आईशी बोलतो, तिच्याकडून कळतं की पाय तसाच आहे.

शालिक परवा बाजारात दिसला, ताठ चालत होता. मला नमस्कारही केला. त्याचं का झालं आणि माझ्या लेकराचं का नाही, मला आजवर कळलेलं नाही. रोज दुकान उघडलं की आधी ते पान बघतो. वाकड्या पायाची रेघ आहे तिथेच आहे... आणि ती खोडायची माझी हिंमत होत नाही.