हळदीचा सत्कार

डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केल्यापासून घरात मला विळीपाशी बसायला बंदी आहे. म्हणून आज नारळ माझी नात सई खोवत होती आणि मी शेजारी बसून चुका काढत होते. तेवढ्यात खोवणीचा दात तिच्या बोटाला लागला. रक्ताचा थेंब टपोरा झाला, थरथरला आणि तिथेच थांबला.

मी बघतच राहिले. केवढं हे कसब, आणि तेही कुणी न सांगता!

परवा नख काढताना माझं जरासं कातडं निघालं, तर मी अर्धा तास टॉवेल दाबून बसले होते आणि मुलगा गाडीची किल्ली घेऊन समोर उभा. दाराची कडी नुसती लागली तरी दंडावर जांभूळ चिरडल्यासारखा डाग उठतो. गोळी सोडावी, तर पायात झाली तशी गुठळी पुन्हा होऊन छातीत जायची भीती.

सईच्या वयात मी मोठी शहाणी होते. बोट कापलं की चिमूटभर हळद दाबायची आणि आळीभर सांगत फिरायची, “आमच्या घरच्या हळदीला तोड नाही!” शेजारणींना पुड्याही बांधून दिल्या. बिचारं रक्त आतल्या आत जखम सांधत होतं आणि सत्कार हळदीचा चालला होता.

“आजी, हळदीचा डबा कुठंय गं?” सईने विचारलं.

“फोडणीच्या वेळी सांगते,” मी म्हटलं. “आधी बोटाकडे बघ. ज्याने काम केलंय, त्याला आज तरी शाबासकी दे.”