शास्त्रीबुवांच्या वाती

जुन्या अकोल्यातले ते शास्त्रीबुवा बोलताना नेहमी वाती वळत. कापसाला सोन्याचा भाव आला, तसे हातात नवा पैसा खेळणारे पाटील आपल्या कुळाचं मूळ विचारायला त्यांच्या ओट्यावर येऊ लागले. मी आमच्या पाटलांचा गाडीवान, जातीनं महार. समोर रस्त्यावर बैलांपाशी उभा राहून सारं ऐकायचो.

"फार पूर्वी वर्ण कामावरून ठरत होता, पाटील," बुवा बोटांनी सरकी काढत म्हणायचे. "शस्त्र धरलं तो क्षत्रिय. जन्माची गाठ मागून पडली. तुमी क्षत्रियच."

हे ऐकून परतताना पाटील गाडीत जरा जास्तच ताठ बसत.

एका संध्याकाळी मी विचारलं, "महाराज, मंग तवा आमी कोन होतो?"

बुवांची बोटं थांबली. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "पाटील, तुमच्या गाडीवानाले सांगा, त्याची सावली ओट्यावर पडून राहिली."

मी मागं सरलो. बुवांनी देवापुढं लावायची वात पुन्हा वळायला घेतली. पाटलांनी दिलेला तो कापूस माझ्या बायकोनं वेचला होता.