गुडघे, गुण्या आणि नवे बूट

सायकलचे खास बूट घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर वाल निवडत बसल्या होत्या. मी बूट घालून अंगणात एक फेरी मारली. तळव्याला लोखंडी पट्टी असल्यामुळे फरशीवर टकटक वाजत होतं.

"घोडाना नाल ठोकी लिधात का व पायले?" त्यांनी विचारलं.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे विचारलेलं आणि न विचारलेलं सगळंच समजावून सांगायची मला खोड आहे. म्हटलं, "आई, ह्या पट्टीला क्लीट म्हणतात. ती पायडलमध्ये खट्कन अडकते. मग पाय घसरत नाही, जोर वाया जात नाही."

"आनि उतरानं कसं?"

"टाच बाहेर वळवली की सुटतो पाय."

हे मला तोंडपाठ होतं. माझ्या टाचेला नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नंदुरबारच्या बाहेर रस्त्यात बकऱ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, आणि पाय होते तिथेच राहिले. आम्ही दोघी, मी आणि सायकल, हळूहळू डावीकडे कलायला लागलो. पडायला इतका वेळ लागला की आपण कुठे पडणार आहोत हे मला नीट बघता आलं. शेजारी मिरचीची पथारी होती. अख्ख्या मैदानावर लाल मिरची वाळत घातलेली. मी तिच्यात जाऊन आडवी झाले.

मिरची पसरणाऱ्या बाया धावत आल्या. "व माय, बाई पडनी! उचला वं तिले!" एकीने सायकल ओढली, तर सायकलीबरोबर मीही थोडी पुढे सरकले.

"तुले सायकलले बांधेल शे का व?" तिने घाबरून विचारलं.

मला उत्तर द्यायचं होतं, पण शिंका थांबेनात. ढीग हलल्यामुळे त्या बायाही शिंकायला लागल्या. शेवटी दोन शिंकांच्या फटीत मी "टाच! बाहेर!" असं ओरडले आणि एकीने माझा पाय धरून नळ पिळतात तसा पिळला. सुटले.

माझा नवरा घरबांधणीची कंत्राटं घेतो. माझी हकिकत ऐकून त्याने ताबडतोब सीट चांगली चार बोटं खाली घेतली. "जवळून पडशील, तर कमी लागेल," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष बुटांकडे गेलं. उजवी पट्टी त्याला तिरपी वाटली. भिंतीचा काटकोन तपासायचा गुण्या आणून त्याने दोन्ही पट्ट्या सरळ रेषेत घट्ट आवळल्या. काम एकदम पक्कं झालं होतं, आणि मी कौतुकही केलं.

आठवड्याभरात दोन्ही गुडघे समोरून ठणकायला लागले. उजवा तर आतल्या बाजूनेही दुखायचा. जिना उतरणं सगळ्यात वाईट. म्हणून मी शाळेचा जिना उलटी उतरायला लागले, कठडा धरून, खालच्या पायऱ्यांकडे पाठ करून. एकदा मुख्याध्यापक खालून आले. त्यांना वाटलं मी वर चढतेय. ते अदबीने मागे थांबले, आणि मी त्यांच्याच अंगावर येत राहिले.

त्या रविवारी मी ठरवलं, आता सायकल नीट मापात बसवायची. मोबाइलवर बघून ठेवलं होतं. सायकल पडवीच्या भिंतीला टेकवली, वर बसले आणि टाच खालच्या पायडलवर ठेवली. गुडघा सरळ व्हायला हवा होता. माझा तर मी चुलीपुढे बसल्यासारखा दुमडलेला.

"सीट फारच खाली आहे. त्यानेच पुढून दुखतंय," मी म्हटलं.

नवऱ्याने सीट वर घेतली. उत्साहात जरा जास्तच. पायडल गाठायला मी डावीकडे झुकायची, मग उजवीकडे.

"ती टांगायेल शे रे! खाले ले तिले!" सासूबाई घरातून ओरडल्या.

खाली-वर करत एकदाची जमली. पण उजवा गुडघा आतून दुखतच होता. कंटाळून मी उतरले, नळावर पाय धुतले आणि ओल्या पायांनी घरात निघाले. मागे वळून पाहिलं तर फरशीवर माझे ठसे. डावं पाऊल सरळ दाराकडे चाललेलं, आणि उजवं शेजाऱ्यांकडे! इतकी वर्षं मी अशी फेंगडी चालतेय हे मला ठाऊकच नव्हतं. आणि त्या पावलाला आम्ही गुण्याने सरळ करून पायडलला जखडलं होतं. बिचारा गुडघा प्रत्येक फेऱ्याला पिळला जात होता.

नवऱ्याने ओल्या ठशाला गुण्या लावून पाहिला. "तू मुळातच गुण्यात नाहीस," तो गंभीरपणे म्हणाला.

"मग लग्नाआधी लावून बघायचा होतास."

"मी तवयच देखेल व्हतं," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही स्क्रू सैल केले, माझं पाऊल आपसूक पडतं तशी पट्टी किंचित फिरवली, पुन्हा आवळली. मग भिंतीला धरून मी टाच बाहेर, टाच बाहेर असा सराव करत बसले, अगदी टाचेला पाठ होईपर्यंत. पहिले काही दिवस थोडीच चालवली. पुढे एकदा सारंगखेड्यापर्यंत जाऊन तापीच्या पुलावर थांबले. पाय वेळेवर सुटला. गुडघे गप्प होते. इतका आनंद झाला की पुलावर येणाऱ्या ऊसवाल्या ट्रॅक्टरला मी उगाचच हात केला, आणि त्यानेही केला.

नवऱ्याला मात्र यातून भलताच आत्मविश्वास आला. शिलाई मशीनवर बसलं की सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे कळताच त्याने त्यांच्या स्टुलाखाली फळ्या घातल्या आणि त्यांना वर बसवलं. त्या बसल्या. दोन्ही पाय हवेत लोंबकळत होते.

"आते मशीन कोन चालाई? तुन्हा बाप?" त्यांनी वरून विचारलं.

त्याने एक फळी काढली.